कालच आलं, पाच स्टार

"पॅकिंग एकदम मस्त, कालच आलं, पैसा वसूल." आणि त्याखाली पाच स्टार. हे एवढंसं वाक्य गेल्या मे महिन्यापासून माझ्या डोक्यात टोचत राहिलंय. घरी वाईन बनवायच्या स्वस्तातल्या किटबद्दल कुणीतरी लिहिलेलं. अहो, वाईन व्हायला महिने लागतात. फळाचा रस काढा, तो आंबू द्या, मग गाळ बसू द्या, वरचं नितळ दुसऱ्या बाटलीत घ्या, परत थांबा. आणि हा माणूस खोकं उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी दर्जा सांगून मोकळा! खाली शेकडो लोक, त्यातले बहुतेक असेच. कुणी डब्याचा रंग चांगला म्हणतंय, कुणी म्हणतंय डिलिव्हरीवाला वेळेवर आला. वाईन कशी झाली हे सांगणारा माणूस शोधायला मला पार खालपर्यंत जावं लागलं.

झालं असं की माझा भाचा सौरभ पुण्याहून सुट्टीला जळगावला आला तो हे किट घेऊनच. हजार-बाराशेच्या घरातलं. ओसरीत बसून त्याने खोकं फोडलं आणि म्हणाला, "आत्या, तू केमिस्ट्रीवाली ना, मग सांग बरं, चांगलं आहे का हे?" मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्यात उभी हयात घालवली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पोरांनी विचारलं ते 'मॅडम हे परीक्षेला येईल का' एवढंच. त्यामुळे मला खरंच आनंद झाला, आणि मी ठरवलं की याला नीट, हातात धरून, तपासून उत्तर द्यायचं.

आधी त्या खोक्यात काय होतं ते सांगते. पांढरा प्लॅस्टिकचा डबा, पाच लिटरचा, झाकणाला भोक. त्या भोकात बसणारं रबरी बूच. त्यात खोचायचा एअरलॉक, म्हणजे थोडं पाणी भरून ठेवायची छोटी प्लॅस्टिकची कुपी, आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. एक लांब नळी. काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे रसात सोडली की तो किती गोड आहे ते सांगणारी तरंगती नळी, फुगेवाल्या प्लॅस्टिकमधे गुंडाळलेला. यीस्टचं पाकीट, ५ ग्रॅम. पांढऱ्या-मातकट पावडरीच्या तीन पुड्या. आणि एक घडी घातलेला कागद. बस. फळ नाही, रस नाही. इंग्लंड-कॅनडाकडे जी किटं मिळतात त्यात द्राक्षाचा आटवलेला रसच मुख्य असतो, मोठं किट २३ लिटरचं, त्यात साधारण ३० बाटल्या होतात, आणि तिकडे स्वस्त-महाग हा फरक बराचसा त्या रसाचाच. स्वस्त किटात रस कमी घालतात आणि वरून साखर टाकायला सांगतात, मग वाईन पाणचट लागते. आपल्याकडच्या या किटात तो प्रश्नच नाही, फळ ज्याचं त्याने आणायचं. म्हणजे इथे दर्जा बघायचा तो फक्त अवजारांचा आणि पुड्यांचा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी त्याला वाईन करू दिली नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन नसताना घरी दारू बनवता येत नाही, आणि वाईन त्यात येते. किट उघड विकलं जातं, खोक्यावर द्राक्षाच्या घडाचं चित्र असतं, म्हणून पोरांना वाटतं की सगळं कायदेशीरच असणार. खोक्यावर या कायद्याचा एक शब्द नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. विकणाऱ्याने एवढं तरी छापायला पाहिजे. सौरभचं तोंड उतरलं, पण मी म्हटलं, थांब, वाईन न करतासुद्धा हे किट कसं आहे ते कळतं. पाणी, साखर आणि जखमेवर लावायचं आयोडीनवालं बीटाडीन एवढ्यावर कळतं.

हायड्रोमीटरपासून सुरुवात केली. तोच सगळ्यात नाजूक आणि तोच सगळ्यात खरं बोलणारा. खाली फुगीर भाग, त्यात छऱ्यांचं वजन, वर बारीक दांडी, दांडीच्या आत गुंडाळलेली कागदी पट्टी. रस गोड असेल तर तो घट्ट, नळी वर तरंगते, आकडा मोठा येतो. साखरेची दारू होत गेली की रस पातळ होत जातो, नळी खाली बुडत जाते. साध्या पाण्यात आकडा १.००० यायला हवा. सौरभने पटकन नळाचं पाणी उंच ग्लासात घेतलं आणि हायड्रोमीटर सोडला. ०.९९६ च्या जवळ. "आत्या, चारने चुकतोय, भंगार आहे." आणि गंमत बघा, असंच दोघातिघांनी ऑनलाइनही लिहिलेलं, हायड्रोमीटर चुकीचा, एक स्टार. पण दांडीवर अगदी बारीक अक्षरात २० अंश सेल्सिअस लिहिलेलं होतं, ते कुणी वाचायचं? जळगावचा मे महिना, दुपार, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी. थर्मामीटर घातला तर ४० अंश. ४० अंशाचं पाणी २० अंशाच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, चांगल्यातला चांगला हायड्रोमीटरसुद्धा त्यात ०.९९४ च्या आसपासच दाखवणार.

मग माठातलं पाणी घेतलं, ते पण पुरेसं गार नव्हतं, त्यात फ्रीजमधलं मिसळत मिसळत बरोबर २० अंशावर आणलं. हायड्रोमीटरला बोटांनी हलकी चक्कर देऊन सोडला, काचेला चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून. डोळा पाण्याच्या पातळीला आणला. पाण्याची कड काचेवर जरा वर चढलेली असते, ती सोडून खालची सपाट रेघ वाचायची, हे मी वर्षानुवर्षं पोरांना ओरडून सांगितलंय. आकडा आला १.००२. म्हणजे सौरभ म्हणत होता चारने कमी, आणि नळी होती दोनने जास्त, आणि गरम पाण्यात ०.९९४ च्या जागी ०.९९६ दाखवत होती म्हणजे तिथेही दोनच जास्त. आता गोड बाजूला बघायचं. शेजारच्या सराफांच्या काट्यावर २०० ग्रॅम साखर तोलून आणली, जळगावात अचूक काट्याला तोटा नाही, ८०० ग्रॅम पाण्यात ती विरघळवली. असं पाणी १.०८३ दाखवायला हवं, साधारण वाईनच्या द्राक्षाच्या रसाजवळ जाणारं. आलं १.०८५. परत दोनच.

मला त्या नळीबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

कारण काय झालं असणार ते सरळ आहे. दांडीतली कागदी पट्टी चिकटवताना बारीकशी सरकली. स्वस्त मालात हे होतं. पण पट्टीवरच्या रेघा नीट छापलेल्या आहेत, अंतरं बरोबर आहेत. वाईनमधे दारू किती झाली हे काढायला सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करायचा आणि १३१ ने गुणायचं. १.०८३ वरून ०.९९५ वर आला तर साडेअकरा टक्के. आता सुरुवातीलाही दोन जास्त आणि शेवटीही दोन जास्त असेल तर वजाबाकीत दोन्ही उडून जातात. उत्तर बरोबर! म्हणजे कायम एकसारखा चुकणारा हायड्रोमीटर वापरता येतो, त्याच्यावर मार्करने 'दोन वजा' लिहिलं की झालं. कधी असा कधी तसा चुकणारा असता तर तो टाकूनच द्यावा लागला असता. स्वस्त वस्तूबद्दल बोलताना लोक हा फरकच करत नाहीत. एक तर सगळं बेस्ट, नाहीतर सगळं भंगार.

यीस्टची गोष्ट मात्र वेगळी निघाली.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पारोळ्याकडचे शेतकरी. जूनच्या आधी, मृग तोंडावर आला की ओसरीत ओल्या गोणपाटावर मोजून शंभर दाणे मांडायचे, दहा दहाच्या रांगा, गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे. मग उलगडून मोजायचे, किती उगवले. शंभरातले सत्तर-ऐंशी उगवले तर पेरणीला चाललं, पन्नास उगवले तर दुसरं बियाणं बघा. आणि विकतच्या बियाण्याची पिशवी, तिच्यावरचा टॅग, दुकानाची पावती, आणि पिशवीतलं मूठभर बियाणं हे सगळं घरच्या आढ्याला खोचलेलं असायचं ते पार माल घरात येईपर्यंत. पिशवी छान आहे म्हणून कुणी बियाणं चांगलं म्हटलेलं मी तरी आमच्या गावात ऐकलं नाही. कपाशीचं बोगस बियाणं निघालं की एका घराचं अख्खं वर्ष जातं, हे खान्देशात पोराटोरांना माहिती असतं. लॉट नंबर, तारीख, उगवण किती टक्के, हे सगळं त्या टॅगवर असायचं आणि फारसं न शिकलेले दादा ते बोटाने एकेक अक्षर धरून वाचायचे.

यीस्ट म्हणजे तरी काय, बियाणंच. जिवंत आहे ते. झोपलेलं. किटातलं पाकीट मी उलटंपालटं करून बघितलं. चकचकीत पाकीट, त्यावर 'यीस्ट' एवढंच. कुठल्या जातीचं ते नाही. बनवल्याची तारीख नाही, कधीपर्यंत वापरायचं ते नाही, लॉट नंबर नाही, खाद्यपदार्थावर असतो तो १४ आकडी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नंबर नाही. पावाचं यीस्ट आणि वाईनचं यीस्ट, दोघांचं शास्त्रीय नाव एकच, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, पण वाण वेगळे. पावाचं यीस्ट जरा दारू चढली की दमतं, खाली नीट बसत नाही, वाईन गढूळ राहते आणि पावासारखा वास मारते. वाईनची चांगली यीस्टं बाजारात नावानंबरासकट मिळतात, काही तर १८ टक्क्यांपर्यंत तग धरतात. या पाकिटात काय आहे हे कळायला मार्गच ठेवलेला नाही. त्यात ते पाकीट मे महिन्यात कुठल्या कुठल्या गोडाऊनमधून, बंद ट्रकमधून, ४५ अंशाच्या उन्हातून आमच्या दारात आलं. कोरडं यीस्ट गार जागी टिकतं, उन्हात ते मरत जातं.

तरी म्हटलं उगवण चाचणी तर करू. दोन कपात कोमट पाणी, ३५ ते ४० अंशाच्या मधे, चिमूटभर साखर, एका कपात किटातलं यीस्ट आणि दुसऱ्यात बेकरीवाल्याकडून आणलेलं ताजं कोरडं यीस्ट. घड्याळ लावून बसलो. पंधरा मिनिटांत बेकरीवाल्या कपात तपकिरी साय वर आली, मग तिला भेगा पडल्या, त्यातून फेस फुगला आणि कडेला चढायला लागला. किटाच्या कपात सगळं यीस्ट तळाशी बसलेलं, वर दोनचार बुडबुडे. अर्ध्या तासाने कुठे पातळसा फेस. अगदी मेलेलं नव्हतं, पण निम्म्याहून जास्त गेलेलं असणार. आता असं यीस्ट कुणी डबाभर रसात टाकलं तर होतं काय, आंबायला सुरुवात व्हायला दिवस लागतात, आणि तेवढ्यात दुसरेच जंतू त्या गोड रसावर ताबा मिळवतात. मग माणूस म्हणतो माझा हात चांगला नाही, मला जमलं नाही. वाईट त्याचं वाटतं मला. बियाणं खराब आणि दोष पेरणाऱ्याच्या माथी.

आमचं हे सगळं चाललेलं असताना आई आतून आली. तिचं वय झालंय, दिसतं कमी, पण नाक शाबूत आहे. "हाई काय शे वं?" म्हणून बेकरीवाल्या कपावर वाकली आणि म्हणाली, "आंबट वास येस, पन चांगला येस." मग किटाच्या कपावर वाकली आणि काही न बोलता नाक बाजूला केलं. आईने जन्मभर कुरडया केल्या, बिबडे केले. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, त्या दिवसांत आमच्या घराला एक आंबूस, ओलसर, थोडा नकोसा आणि तरी ओळखीचा वास असायचा. तिसऱ्या दिवशी आई गव्हाचा दाणा दोन नखांत दाबायची, दुधासारखा पांढरा चीक पिचकारीने बाहेर आला की गहू तयार. मी लहानपणी तिच्या शेजारी बसून दाबायचे. चांगला आंबूस वास आणि नासका वास यांच्यातली रेघ कुठे असते हे मी कॉलेजात शिकले नाही, त्या पातेल्यापाशी शिकले. पुढे पाश्चर वाचला, आंबणं हे जिवंत यीस्टचं काम आहे हे त्याने १८५७ नंतरच्या वर्षांत दाखवून दिलं, तेव्हा मला ते पातेलंच आठवलं होतं.

त्याच नाकावर डब्याचा निकाल लागला. डब्याच्या तळाशी त्रिकोण आणि त्यात २ आकडा, म्हणजे एचडीपीई. लोक म्हणतात त्रिकोण आहे म्हणजे फूड ग्रेड. तसं नसतं. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, खाण्याला चालेल की नाही ते सांगत नाही, त्यासाठी पेला आणि जेवायच्या काट्याचं चिन्ह असतं, ते या डब्यावर कुठे नव्हतं. कडकडीत पाणी भरून झाकण लावून रात्रभर ठेवला. सकाळी झाकण उघडलं आणि मला मागे व्हावं लागलं. नवीन चपलेच्या दुकानात शिरल्यावर येतो तो वास. पाण्याची चव घेतली तर जिभेवर तीच. नुसत्या पाण्यात एवढं उतरलं तर आंबट रस आणि त्यात वाढत जाणारी दारू, तीही महिनाभर, त्यात किती उतरेल? आईला न सांगताच कळलं. "या बादलीमा पीठ बी ठेऊ नको." मला यावर बोलायला काही उरलं नाही. एअरलॉक मात्र चांगला निघाला, पाणी भरून उलटा-सुलटा केला, फुंकून बघितला, कुठे चीर नाही, बूच घट्ट. नळी पण ठीक, वास नाही, मऊ.

तीन पुड्यांमधली मातकट पुडी बेंटोनाइटची, एक प्रकारची चिकणमाती, आपल्याकडे कच्छात निघते, वाईनमधला गढूळपणा धरून खाली बसवते. पाण्यात टाकून ठेवली, छान फुगली, बुळबुळीत झाली, म्हणजे खरी. दुसरी पोटॅशियम सॉर्बेट, ती यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, बाटलीत परत आंबायला लागू नये म्हणून शेवटी घालतात. तिची तपासणी घरी करता येईना. तिसरी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, जंतुनाशक म्हणा, तिला काडी पेटवल्यावर नाकात जातो तसा वास पाहिजे. पुडी फोडली, वास आला, पण अगदी मंद. मग बीटाडीन आणलं. ग्लासभर पाण्यात काही थेंब, तांबूस रंग. सौरभला म्हटलं आता चमचाच्या टोकावर पावडर घे आणि टाक. टाकली आणि ढवळलं, तर रंग क्षणात गेला, पाणी स्वच्छ! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयोडीनचा रंग सल्फाइट खाऊन टाकतं, जेवढं सल्फाइट जिवंत तेवढा रंग जातो. जुन्या पुडीतलं हवेने मरत जातं आणि मग रंग जायला पावडर जास्त लागते. आमची पुडी मधलीच निघाली, चालण्यासारखी. पण पुडीवर वजन लिहिलेलं नाही आणि किती घालायची ते कागदावर 'आवश्यकतेनुसार'. सल्फाइट जास्त झालं तर दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो. हे 'आवश्यकतेनुसार' कुणी लिहिलं त्याच्यासमोर बसून मला बोलायचंय.

आणि तो कागद! सगळ्यात जास्त जीव माझा त्या कागदाने खाल्ला. 'रूम टेंपरेचरला ठेवा.' कुणाची रूम? वाईनच्या यीस्टला १८ ते २५ अंश मानवतात. आमच्याकडे मे महिन्यात रात्री दोन वाजतासुद्धा भिंतींना हात लावला तर गरम. कूलर लावूनही खोली तिशीच्या खाली यायचं नाव घेत नाही. जागं करताना थोडा वेळ कोमट पाणी चालतं, पण रस दिवसेंदिवस आंबत असताना ३५ च्या पुढे यीस्ट धापा टाकायला लागतं, वासही बिघडतात, चाळिशीच्या आसपास मरायला लागतं. खान्देशात हे काम करायचं तर दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, बाकी वर्ष विसरा. हे एक वाक्य कागदावर असतं तर कितीतरी लोकांचा रस नासला नसता. आणि दुसरं, झाकण घट्ट लावा असं लिहिलंय, पण आधी एअरलॉक बसवा हे चित्रात आहे, शब्दांत नाही. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम दारू होते आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. किलोभर साखरेतून अडीचशे लिटरच्या वर वायू. एवढा वायू कुणी काचेच्या बरणीत कोंडला तर बरणी फुटते आणि काचा डोळ्यात जातात. माणसाच्या डोळ्यापेक्षा शाई महाग आहे का?

सौरभने मधेच विचारलं, "आत्या, पण घरची दारू पिऊन लोक आंधळे होतात ना, मरतात ना?" त्याला नीट सांगितलं. तो विषय मिथेनॉलचा, म्हणजे दारूच्याच जातीतल्या एका विषारी द्रवाचा. फळातल्या पेक्टिनमधून थोडंसं मिथेनॉल सगळ्याच फळांच्या वाईनमधे येतं, पण ते फार कमी, आणि वाईन ऊर्ध्वपातन करत नाहीत म्हणून ते एकवटतही नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती आंबलेल्या फळाने गेली नाहीत, कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळून विकलं म्हणून गेली. किटाची खरी भीती तिथे नाही, ती वासाच्या डब्यात, बेहिशेबी पावडरीत आणि फुटणाऱ्या बरणीत आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही नीट, आणि कारण वेगळंच होतं. नोकरीत असताना एनएसएसच्या कॅम्पला पोरांना घेऊन सातपुड्यात, धडगावच्या वरच्या पाड्यांवर गेले होते. मार्च संपत आलेला. पहाटे मोहाच्या झाडाखाली बायापोरं फुलं वेचत होती, पिवळसर, रसाळ फुलं, सगळ्या रानाला एक जड गोड वास. एका घरात कोपऱ्यात माठ, त्यात फुलं भिजत घातलेली. घरातल्या म्हातारीने मला बोलावलं आणि माठाला कान लावायला सांगितलं. आत बारीक सरसर चाललेली, सतत. ती म्हणाली ही सरसर थांबली की तयार. तिच्याकडे हायड्रोमीटर नव्हता, यीस्टचं पाकीट नव्हतं, फुलावरच असतं ते यीस्ट. त्यांच्या देवाला पहिली धार त्याचीच जाते. आणि तिथेच तिने सांगितलं की कधीमधी धाड पडते, माठ फोडतात, सगळं जमिनीत जातं. पेपरात बातमी येते, इतके लिटर कच्चं रसायन नष्ट. मी त्या दारूचं कौतुक करत नाहीये, त्या दारूने उठवलेले संसार मी त्याच पाड्यांवर बघितलेत, बायकांच्या अंगावरचे वळ बघितलेत. पण तोच कायदा तिच्या माठाला लागू आणि कुरिअरने येणाऱ्या रंगीत खोक्यालाही लागू, आणि खोकं मात्र दारापर्यंत येतं, ओटीपी विचारून हातात देतात. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, दोन्ही बाजूंनी लोक तावातावाने बोलले. त्यात त्या म्हातारीचं नाव कुणी घेतलं नाही. हे मला अजून पचत नाही, आणि यावर माझ्याकडे उत्तरही नाही.

सकाळी सौरभने विचारलं, मग काय, एका शब्दात सांग, चांगलं की वाईट? मी म्हटलं एका शब्दात सांगायला लागले तर मीही त्या 'कालच आलं'वालीच होईन. हायड्रोमीटर चांगला, दोन वजा करून वापर. एअरलॉक, बूच, नळी चांगली. बेंटोनाइट खरं. सल्फाइट चालेल, पण वजन करून. यीस्ट टाकून दे. डबा टाकून दे, निदान खाण्याच्या कामाला नको. कागद फाडून टाक. स्वस्त म्हणून मी एकाही वस्तूला नाव ठेवलेलं नाही, कारण काचेची ती नळी पण स्वस्तच होती. पाकिटावर तारीख आणि लॉट नंबर छापायला किती पैसे लागतात? आपल्याकडे पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, किंमत छापायचा नियम कितीतरी वर्षांपासून आहेच. तो पाळला असता तर माझ्या निम्म्या तपासण्या वाचल्या असत्या, आणि ज्याच्याकडे थर्मामीटर नाही, सराफाचा काटा नाही, त्यालाही कळलं असतं की आपण काय घेतोय.

मग आम्ही दोघांनी बसून सगळं लिहून काढलं, कुठलं पाणी, किती अंश, काय आकडा, फेस किती वेळात आला, आणि ते त्या किटाखाली टाकलं. महाराष्ट्रात लायसनशिवाय वाईन करता येत नाही हे पहिल्या ओळीत लिहिलं. विकणाऱ्याला यीस्टची तारीख विचारली, त्याचं उत्तर आलं, "डिअर सर, आमचा माल बेस्ट क्वालिटीचा आहे." मी परत विचारलंय, तारीख कळवा म्हणून. सौरभ म्हणतो उत्तर येणार नाही. येईल तोपर्यंत मी दर आठवड्याला विचारणार आहे.